समुद्राखालची पंधरा बेटे

सातवीच्या वर्गात हवामान बदलाचा धडा चालू होता. फळ्यावर वितळणाऱ्या बर्फाचे चित्र काढले होते आणि कोपऱ्यात, मुलांना आवडतो म्हणून, एक पेंग्विन. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "टीचर, हवामान तर पूर्वीपण बदलायचं ना? हिमयुग आलं, गेलं. पेंग्विन तर अजून आहेत. मग आता एवढी काळजी कशाला?"

वर्ग हसला, पण मला हसू आले नाही. प्रश्न चांगला होता आणि माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मी "पुढच्या तासाला सांगते" म्हणाले. पुढच्या तासाला चाचणी परीक्षेचे वेळापत्रक आले आणि उत्तर राहून गेले.

ते उत्तर मला त्यानंतरच्या मे महिन्यात, घरापासून हजारो मैलांवर मिळाले. आम्ही दोघे केपटाउनला गेलो होतो, चाचांच्या नातीच्या निकाहासाठी.

केपटाउनमध्ये आपले चाचा कुठून आले, असे वाचकांना वाटेल. कोकणातल्या मुस्लिम घरांना ते नवल वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी भागातल्या गावांमधून आपली माणसे जहाजाने केपला गेली. कोणी दुकान टाकले, कोणी फेरीवर भाजी विकली. माझ्या आजोबांचे चुलत भाऊ त्यांतलेच एक. त्यांचे चिरंजीव म्हणजे हे चाचा. वय बहात्तर, जन्म तिथलाच. पण घरात अजून कोकणी बोलतात, आणि तीही अशी की माझ्या दादीच्या तोंडचे विसरलेले शब्द मला तिथे पुन्हा ऐकू आले. रविवारी सकाळी चाची खोबरे पेरलेल्या गोड कोसिस्टर्स करतात. केपच्या मलय मुसलमानांची ही न्याहारी आता आपल्या कोकणी घरांतही रुळली आहे.

निकाह पार पडल्यावर चाचा म्हणाले, "चल, तुला माझं गाव दाखवतो. आणि तुझ्या पोरांसाठी पेंग्विनही."

चाचांचे गाव म्हणजे सायमन्सटाउन. केपटाउनच्या दक्षिणेला, फॉल्स बे नावाच्या मोठ्या उपसागराच्या काठावर डोंगराच्या कुशीत वसलेले छोटे शहर. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या नौदलाचा तळ आहे. गावाच्या पलीकडे गाडी थांबवून आम्ही उतरलो आणि पहिल्यांदा आवाज ऐकू आला. गाढवे ओरडत असावीत असा. चाचा हसले. "हेच ते."

बोल्डर्स नावाचा हा किनारा गोलगोल, प्रचंड ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा आहे. त्यांच्यामधून पांढऱ्या वाळूच्या चिमुकल्या खाचा समुद्राकडे उतरतात. लाकडी पायवाटेवरून चालत गेले की दोन्ही बाजूंना झुडपांखाली, वाळूत, खडकांवर पेंग्विनच पेंग्विन. आपल्या गुडघ्याच्या वर जेमतेम येतील एवढे, वजनाने तीन किलोच्या आसपास. पाठ काळी, पोट पांढरे, छातीवर घोड्याच्या नालासारखा काळा पट्टा आणि डोळ्यांवर गुलाबी रंगाची त्वचा. ही गुलाबी त्वचा शोभेची नाही. उन्हाने अंग तापले की रक्त तिकडे धावते आणि उष्णता बाहेर टाकली जाते. ऊन जास्त तितका गुलाबी गडद.

मे महिना म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात आणि पेंग्विनांच्या विणीचा भर. एका झुडपाखाली एक मादी अंड्यांवर बसली होती. की नर होता? दोघे आळीपाळीने बसतात, त्यामुळे मला ओळखता आले नाही. शेजारच्या घरट्यात तपकिरी लव असलेली दोन पिल्ले आईच्या की बापाच्या चोचीत चोच घालून मासळी मागत होती. वास म्हणाल तर आमच्या बंदरावरच्या सुकटीच्या ओट्यांची आठवण झाली.

आपल्याकडे पेंग्विन म्हटला की बर्फ. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, त्यानंतर माझे विद्यार्थीही सहलीला जाऊन थंड काचघरातले ते पाहून आले होते. पण ते हम्बोल्ट पेंग्विन मूळचे बर्फातले नाहीत, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे आहेत. बोल्डर्सचे आफ्रिकी पेंग्विन त्यांचे जवळचे भाऊबंद. यांना बर्फ नको, थंड पाणी हवे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने बेंगुएला नावाचा थंड प्रवाह वाहतो. खोल समुद्रातले सकस पाणी तो वर आणतो. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर तारली आणि अँकोव्हीसारखी छोटी मासळी जगते आणि त्या मासळीवर हा पक्षी. पिल्ले असताना तो घरट्यापासून फार तर वीस-चाळीस किलोमीटर जाऊन येतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी एकाच ठिकाणी हव्यात : कोल्ह्या-बिबट्यांपासून सुरक्षित जमीन, आणि जवळच मासळी. अशी जमीन म्हणजे बेट. पेंग्विनांचा सारा इतिहास म्हणजे या दोन गोष्टी एकत्र कुठे मिळतात त्याचा शोध.

चाचा एका धोंड्याला टेकून उभे राहिले. "समोर बघ," ते म्हणाले. समोर फॉल्स बेचे निळे पाणी, पलीकडे धुक्यात डोंगररांग. "हे सगळं एकेकाळी कोरडं होतं. माझी नात शिकवते तिच्या शाळेत. मला पटायला वेळ लागला."

मलाही लागला. पण गोष्ट खरी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फ होऊन ध्रुवांकडच्या जमिनींवर साठले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० ते १३० मीटर खाली होती. फॉल्स बे म्हणजे तेव्हा एक मैदान. आम्ही उभे होतो तो किनारा समुद्रापासून कित्येक मैल आत, डोंगराच्या पायथ्याशी. आज ज्याला जग रॉबेन आयलंड म्हणून ओळखते ते बेटही नव्हते, मैदानातली एक टेकडी होती.

मग तेव्हाचे पेंग्विन कुठे राहत असतील? दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर समुद्राच्या तळाच्या नकाशात शोधले. पाण्याखाली १० ते १३० मीटर खोलीवर आज ज्या उंचवट्यांचे माथे आहेत, त्यांतले कोणते त्या काळी पाण्याबाहेर असतील आणि चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले असतील, हे त्यांनी मोजले. पश्चिम किनाऱ्याजवळ पंधरा मोठी बेटे सापडली. सर्वांत मोठे सुमारे ३०० चौरस किलोमीटरचे. मग आजच्या वसाहतींत एवढ्याशा जागेत किती घरटी असतात, त्यावरून हिशेब केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज असा की त्या बेटांवर ६४ लाखांपासून १ कोटी ८८ लाखांपर्यंत पेंग्विन मावले असतील.

त्यानंतर हवामान तापू लागले. बर्फ वितळला, समुद्र चढत गेला. साधारण पंधरा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात ही बेटे एकामागून एक पाण्याखाली गेली. घरट्यांसाठी योग्य जागा दहा पटींनी घटली. पेंग्विन कमी झाले असणार, पण संपले नाहीत. कारण समुद्राने एका हाताने घेतले तेव्हा दुसऱ्या हाताने दिलेही. पाणी चढले तशी मैदानातली ती टेकडी वेढली गेली आणि रॉबेन बेट झाले. उत्तरेकडचे डासेन बेट झाले. पेंग्विन तिकडे सरकले.

सरकले म्हणजे कसे, हे समजून घ्यायला हवे. मी मनात चित्र रंगवले होते की पाणी घरट्याला लागले आणि सारी वसाहत उठून पोहत निघाली. तसे होत नाही. आफ्रिकी पेंग्विन एकदा जिथे अंडी घालतो, तिथेच वर्षानुवर्षे परत येतो. म्हातारी पिढी जागा सोडत नाही. नवी जागा शोधतात ती पहिल्यांदा जोडी जमवणारी तरुण मंडळी. म्हणजे वसाहत सरकते ती एका पिढीची दुसऱ्या पिढीकडे, हळूहळू. आठ हजार वर्षे म्हणजे पेंग्विनांच्या शेकडो पिढ्या. तेवढा अवकाश त्यांना मिळाला.

आणि याच्याही आधी, फार आधी, समुद्राने त्यांच्याशी उलटा खेळ खेळला होता. केपटाउनच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर लांगेबानवेग नावाचे ठिकाण आहे. तिथे फॉस्फेटची खाण होती. त्या खाणीत पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे निघाली. त्यांत पेंग्विनांचीही होती, आणि एका नव्हे तर चार जातींची. आज सगळ्या आफ्रिका खंडात एकच जात उरली आहे. बाकीच्या कुठे गेल्या? शास्त्रज्ञांचा एक अंदाज असा आहे की त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे ९० मीटर वर होता. सखल भाग पाण्याखाली गेल्याने उंच भागांची बेटे झाली होती आणि पेंग्विनांची चंगळ होती. मग समुद्र ओसरला, बेटे जमिनीला जोडली गेली, शिकारी प्राणी चालत आत आले आणि घरटी उघड्यावर पडली.

म्हणजे पाणी चढणे वाईट आणि उतरणे चांगले, असा सोपा नियम नाही. चढत्या पाण्याने बेटे दिलीही आणि बुडवलीही. पेंग्विन टिकले ते तेव्हाच, जेव्हा जुनी जागा गेल्यावर जवळपास दुसरी होती, मासळी होती आणि वेळ होता. जिथे यातले काही कमी पडले तिथे जाती नामशेष झाल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच होते. हवामान पूर्वीही बदलले, आणि त्यात सगळे वाचले नव्हते. वाचले त्यांचेच वंशज आज आपल्याला दिसतात.

उरलेले अर्धे उत्तर दोन दिवसांनी रॉबेन बेटावर मिळाले.

केपटाउनच्या बंदरातून बोट निघते. नेल्सन मंडेला यांनी कैदेतली अठरा वर्षे या बेटावर काढली, त्यामुळे जगभरचे लोक तुरुंग पाहायला येतात. तुरुंगाजवळच हिरव्या घुमटाचा एक मजार आहे, सय्यद अब्दुर्रहमान मोतुरू यांचा. डच लोकांनी पूर्वेकडच्या बेटांतून ज्यांना कैद करून केपला आणले, त्यांतले ते एक. याच बेटावर तुआन गुरू यांनीही कैद भोगली. त्यांनी स्मरणातून संपूर्ण कुरआन लिहून काढले आणि सुटल्यावर बो-काप भागात देशातली पहिली मशीद, अव्वल मशीद, उभी केली. मजारापाशी आम्ही फातिहा पढलो.

बेटाचे नाव डच भाषेतल्या सील या प्राण्याच्या शब्दावरून पडले. पण इथे पेंग्विनही हजारो होते. १६५२ साली डच वसाहत झाली आणि ताज्या मांसासाठी, अंड्यांसाठी त्यांची कत्तल सुरू झाली. १८०० सालच्या सुमारास बेटावर एकही पेंग्विन उरला नाही. जे बेट हिमयुगाच्या अखेरीस समुद्राने त्यांना दिले होते, ते माणसाने दीडशे वर्षांत रिकामे केले. पेंग्विन परतले ते १९८३ साली.

इतर बेटांवर वेगळेच घडले. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर हजारो वर्षांत साचत गेले होते. या किनाऱ्यावर पाऊस कमी, त्यामुळे ती वाहून जात नसे. पेंग्विन त्या घट्ट थरात बिळे खणून अंडी घालत. बिळात ऊन लागत नाही, समुद्रपक्ष्यांची चोच पोहोचत नाही. १८४० च्या दशकात युरोपच्या शेतकऱ्यांना कळले की हे उत्तम खत आहे. जहाजेच्या जहाजे आली आणि बेटे खडकापर्यंत खरवडून नेली. घर बांधायची मातीच गेली. आता पेंग्विनांना उघड्यावर किंवा झुडपांखाली घरटे करावे लागते. कडक उन्हाच्या दिवशी अंड्यांवर बसलेला पक्षी तापून सहन होईनासे झाले की पाण्याकडे धावतो आणि अंडी उघडी पडतात. पृथ्वी तापत असताना, उन्हापासून वाचवणारी बिळे आपण आधीच खत म्हणून विकून टाकली होती.

अंडी गोळा करून विकण्याचा धंदाही चालूच होता. १९०० ते १९३० या तीस वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख अंडी नेली गेली. तरीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकी पेंग्विन पंधरा ते तीस लाख असावेत, असा अंदाज आहे. १९५६ च्या मोजणीत सुमारे १ लाख ४१ हजार जोड्या भरल्या. आज दहा हजार जोड्याही नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने या जातीला 'अत्यंत संकटग्रस्त' यादीत टाकले. त्यानंतरची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष.

इथे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हिमयुग संपताना घरट्यांची जागा दहा पटींनी घटली, त्याला आठ हजार वर्षे लागली. आपण त्याहून मोठी घट शंभर-सव्वाशे वर्षांत करून दाखवली. आणि आजचा समुद्र तेव्हाइतक्या वेगाने चढतही नाही. तेव्हा तो शंभर वर्षांत सरासरी मीटरभर चढत होता, आज त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे नुसत्या पाण्यावर दोष टाकून सुटका नाही.

मग आता काय बदलते आहे? मासळीची जागा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तारली आणि अँकोव्ही पश्चिम किनारा सोडून पूर्वेकडे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, म्हणजे केप अगुल्हासच्या पलीकडे सरकू लागली. पाण्याचे तापमान आणि खारटपणा बदलला, आणि पश्चिमेकडे वर्षानुवर्षे जाळीही फार टाकली गेली. दोन्हींचा हात त्यात आहे. पेंग्विनांनी मासळीमागे जावे, जसे त्यांचे पूर्वज गेले. पण जायचे कुठे? गान्सबाईजवळच्या डायर बेटापासून पूर्वेच्या अल्गोआ बेपर्यंत सुमारे ६०० किलोमीटर किनाऱ्यावर पेंग्विनांची वसाहत असलेले एकही बेट नाही. मासळी नेमकी त्या बिनबेटांच्या किनाऱ्यासमोर गेली. आणि मुख्य भूमीवर बिबटे आहेत, कॅराकल नावाची रानमांजरे आहेत.

तरुण पेंग्विनांची तर निराळीच फसगत होते. समुद्रात पहिल्यांदा निघालेले पिल्लू पाण्याच्या खुणा ओळखून जाते : पाणी थंड आहे, सूक्ष्म वनस्पती भरपूर आहेत, म्हणजे मासळी असणारच. हजारो वर्षे ही खूण खरी ठरली. आज तिथे पाणी तसेच आहे, वनस्पती तशाच आहेत, फक्त मासळी नाही. पूर्वजांनी शिकवलेला रस्ता त्यांना उपाशी ठेवतो. ज्या अंतःप्रेरणेने त्यांना हिमयुगातून पार नेले, तीच आता दगा देते. हे ऐकले तेव्हा मला पेंग्विनांविषयी पहिल्यांदा हळहळ वाटली. तोवर कौतुकच होते.

आम्ही परत आल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २००४ साली डासेन आणि रॉबेन या दोन बेटांवर वीण केलेल्या पेंग्विनांपैकी सुमारे ९५ टक्के पुढच्या आठ वर्षांत मेले. सुमारे ६२ हजार पक्षी. बहुतेक उपासमारीने, पिसे झडण्याच्या काळात किंवा त्याच्या आगेमागे. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे बदलतो. त्या एकवीस दिवसांत अंगात पाणी शिरते म्हणून तो समुद्रात जाऊ शकत नाही, किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो. आधी पोटभर खाऊन अंगावर चरबी चढवली असेल तरच हा उपास निभतो. त्या वर्षांत खायला मासळी नव्हती.

मी बोल्डर्सची गोष्ट अर्धी सोडली होती. ती पूर्ण करते.

पेंग्विन पाहून आम्ही सायमन्सटाउनच्या मशिदीत जोहरसाठी गेलो. गावाच्या उतारावर, घरांच्या दाटीत ती लहानशी मशीद आहे. नमाजनंतर चाचा पायऱ्यांवर बसले आणि खालच्या एका रस्त्याकडे बोट दाखवले. "आमचं दुकान तिथं होतं. वर घर."

१९६७ साली वर्णभेदी सरकारच्या कायद्याने सायमन्सटाउन हे 'फक्त गोऱ्यांचे' म्हणून जाहीर झाले. पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मलय, भारतीय, काळ्या कुटुंबांना जागा सोडावी लागली. हजारो माणसे हलवली गेली. चाचा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांचे कुटुंब रायलँड्स या भारतीयांसाठी ठरवलेल्या वस्तीत गेले. मशीद राहिली, नमाजी दूर गेले. तिथून बस-गाड्या करून लोक जुमा पढायला येत राहिले.

"त्या धोंड्यांवर आम्ही मासे धरायला बसायचो," चाचा म्हणाले. "पेंग्विन एकही नव्हता तेव्हा. १९८२ साली दोन जोड्या आल्या. मी पेपरात वाचलं. तेव्हा मला इथं घर घेता येत नव्हतं, कायदाच होता तसा. त्या चौघांना कोणी परवाना विचारला नाही."

ते हसत बोलले, पण चाची दुसरीकडे पाहू लागल्या. मीही काही बोलले नाही.

थोड्या वेळाने चाचाच म्हणाले, "राग नाही पेंग्विनांवर. ते हक्काने आले. आणि एक सांगू? आम्हाला हलवलं, त्यात हलणं वाईट नव्हतं. माझा बाप कोकणातून इथवर हललाच होता की. पण तो स्वतः निघाला, पुढं कोण आहे ते ठाऊक होतं, मागं घर शाबूत होतं. आम्हाला कागद दाखवला आणि दुसरी जागाही त्यांनीच ठरवली. तो फरक."

माणसाचे दुःख आणि पक्ष्याचे दुःख एका तागडीत तोलू नये. ज्यांनी घरे गमावली त्यांच्याशी ते बरे नव्हे. पण चाचांनी सांगितलेला फरक मला पेंग्विनांच्या बाबतीत नेमका लागू पडलेला दिसला. पूर्वीचे हवामान बदल त्यांना हलवत होते. आपण त्यांची पुढची जागा आणि मागची शिदोरी, दोन्ही काढून घेतली आणि मग म्हणतो, हवामान तर नेहमीच बदलते.

त्या दोन जोड्या बोल्डर्सला का आल्या, तेही सांगायला हवे, कारण त्यात आशा आहे. साधारण त्याच सुमारास फॉल्स बेमध्ये मोठ्या जाळ्यांनी मासेमारी करण्यावर बंधने आली आणि तारली वाढली. वस्तीमुळे किनाऱ्याला बिबट्या-कॅराकलची भीती कमी होती. सुरक्षित जमीन आणि जवळ मासळी, त्यांच्या दोन जुन्या अटी, बेट नसतानाही पुऱ्या झाल्या. दोन जोड्यांपासून वसाहत हजारोंवर गेली. जागा आणि अन्न मिळाले तर हा पक्षी आजही नवे घर वसवतो.

हे ध्यानात घेऊन तिकडे कामेही चालली आहेत. पूर्वेकडच्या त्या बिनबेटांच्या किनाऱ्यावर, दे हूप अभयारण्यात, एका टोकाला कुंपण घालून कृत्रिम बेट केल्यासारखी जागा तयार केली. तिथे सिमेंटचे पेंग्विन मांडले आणि ध्वनिमुद्रित आवाज लावले, तरुण पक्ष्यांना वस्ती असल्याचे वाटावे म्हणून. २०२२ मध्ये तिथे खऱ्या जोडीने अंडी घातली. बेटांवर बिळांऐवजी कृत्रिम घरटी ठेवली जातात, उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सहा मुख्य वसाहतींभोवती तारली-अँकोव्हीच्या व्यावसायिक मासेमारीला दहा वर्षांची बंदी झाली. पक्षीसंस्था आणि मच्छीमार कंपन्या, दोघांनी मिळून सीमा ठरवल्या. मासळीवर पोट असलेल्या लोकांना हे सोपे गेले नसणार. बंदरावर वाढलेल्या मला ते कळते.

आणि चाचांच्या तोंडी असलेला एक किस्सा. जून २००० मध्ये रॉबेन आणि डासेन बेटांच्या मध्ये एक मालवाहू जहाज बुडाले आणि तेल पसरले. तेलाने माखलेले सुमारे १९ हजार पेंग्विन पकडून एकेकाला हाताने धुण्यात आले. जे अजून स्वच्छ होते त्या १९ हजार ५०० पक्ष्यांना ट्रकने पूर्वेला पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. कल्पना अशी की ते पोहत घरी येईतो तेल साफ होईल. तसेच झाले. सुमारे ८०० किलोमीटर पोहत ते आपापल्या बेटावर परतले. त्या वेळी हजारो स्वयंसेवक पुढे आले होते. चाचांचा मुलगाही एका गोदामात रात्रपाळीने पक्षी धरून बसे. "चावतात फार," एवढेच तो अजून सांगतो. मनगटावर व्रण आहे.

प्राण्यांनाही अल्लाहने उम्मत म्हटले आहे, हे आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. भूगोलाच्या तासाला ते विसरतो. जमीन आणि समुद्र ही अमानत आहे असे म्हणताना अमानतीचा हिशेब द्यावा लागतो, हेही आठवायला हवे.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा आता आठवीत गेला होता. मी त्याच्या वर्गात जाऊन त्याला म्हटले, "गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, पेंग्विन पूर्वी वाचले, मग आता काळजी कशाला. उत्तर आणलंय." फळ्यावर मी आफ्रिकेचे दक्षिण टोक काढले. पश्चिमेला समुद्रात पंधरा ठिपके काढले आणि एकेक पुसत गेले. मग रॉबेन आणि डासेनचे दोन ठिपके काढले आणि मासळीचा बाण पूर्वेकडे नेला, जिथे एकही ठिपका नव्हता.

वर्ग बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग तोच मुलगा उठला, खडू मागितला आणि पूर्वेच्या रिकाम्या किनाऱ्यावर, जिथे दे हूप आहे साधारण तिथेच, एक छोटा ठिपका काढून जागेवर जाऊन बसला.